डाव्या कोपऱ्यातली सही

मी नक्की काय काम करते, हे मालाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. "कंपनीची पत्रं तपासते" म्हटलं की समोरची म्हणते, "म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ." वर काळजीने विचारते, "आणि एवढ्यासाठी रोज अंधेरीला जातेस?" जाते. वीस वर्षं जातेय, पुढेही जाणार आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघते, नीट बघते, पण पगार त्याचा घेत नाही.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट कधी बंद राहील, काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, अशी पत्रं आम्ही सोसायट्यांना पाठवतो. ज्या मोठ्या साहेबांनी कंपनी काढली, त्यांनी एक नियम घालून दिला होता. ऑफिसच्या प्रतीवर खाली डाव्या कोपऱ्यात माझी बारीक सही झाल्याशिवाय पत्र बाहेर जायचं नाही. मोठे साहेब आता घरी असतात आणि खुर्चीवर त्यांचा मुलगा बसतो. त्याला माझी सही म्हणजे दारात बांधलेली म्हातारी म्हैस वाटते. दूध देते की नाही ठाऊक नाही, वाट मात्र अडवते.

हे काम मी घाटकोपरच्या एका छापखान्यात शिकले. तिथले वयस्कर मुद्रितशोधक पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरी, नुसती वाचू नकोस, विचार." तेव्हापासून माझी पेन्सिल समासात तीनच शब्द लिहिते: कोणी, कधी, कशावरून. ऑफिसात माझ्या टेबलाला पोलीस चौकी म्हणतात. म्हणोत बापडे.

चौकी लागतेच, कारण आमच्याकडे कोऱ्या कागदावर कुणी पत्र लिहीत नाही. जुनं पत्र उघडायचं, सोसायटीचं नाव आणि तारीख बदलायची, मधल्या दोन ओळी इकडच्या तिकडे करायच्या, झालं पत्र. या पद्धतीने एकदा गणपतीच्या शुभेच्छा होळीला निघाल्या होत्या. त्यावर सगळे हसले, मीही हसले.

गेल्या वर्षी मुलुंडच्या एका सोसायटीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबायच्या ऐवजी अर्धा मजला खाली घसरून अडकली. आत एक आजी एकट्याच होत्या. पाऊण तासाने त्यांना बाहेर काढलं. सोसायटीने खुलासा मागितला, संध्याकाळी त्यांची मीटिंग होती, आणि दुपारी पत्र माझ्या टेबलावर आलं. त्यात एक वाक्य होतं: 'सदर लिफ्टचे ब्रेक लायनिंग बदलण्यात आले असून लिफ्ट वापरासाठी पूर्णतः सुरक्षित आहे.'

लायनिंग म्हणजे लिफ्ट धरून ठेवणारी ब्रेकची पट्टी, ती झिजते. मी समासात लिहिलं, कोणी? पत्र बनवणाऱ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "ते आधीच्या पत्रात होतंच ना मॅडम, मी तसंच ठेवलं." आधीचं पत्र बोरिवलीच्या दुसऱ्याच सोसायटीचं होतं. मी मेकॅनिकला फोन लावला. तो मालवणचा, शब्द मोजून बोलतो.

"बदललंय खंय मॅडम, लायनिंग अजून येवक नाय. ॲडजस्ट करून चालू केलंय."

"म्हणजे पुन्हा घसरू शकते?"

"लायनिंग घासलेला आसा. माझ्या हातात असता तर बंद ठेवलं असतंय. पण वरून सांगितला, चालू कर."

कागद घेऊन मी धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी पत्र मोबाइलमधल्या भाषा सुधारणाऱ्या ॲपमध्ये टाकलं आणि दहा सेकंदांत स्क्रीन माझ्यापुढे धरली. "बघा, झकास झालं ना? एक चूक दाखवा."

खरंच चूक नव्हती. वाक्यं छोटी झाली होती, भाषा नम्र झाली होती, आणि ब्रेक लायनिंग आता 'यशस्वीरीत्या' बदललेलं होतं. खोट्याला इस्त्री केली होती, एवढंच.

"मॅडम, तुमचं काम भाषेचं आहे. ब्रेकचं टेन्शन तुम्ही नका घेऊ."

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. "साहेब, ज्या बाई आत अडकल्या होत्या, त्या हा कागद वाचून पुन्हा लिफ्टमध्ये पाय ठेवतील. त्यांना भाषेचं कौतुक नाही. माझ्या सहीशिवाय पाठवायचं तर पाठवा, कंपनी तुमची आहे. पण मग मोठ्या साहेबांना मी आजच जाऊन सांगते की नियम मोडला, आणि कशासाठी मोडला तेही."

त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "लिफ्ट बंद करा म्हणून तुम्हीच सोसायटीला कळवा. शिव्या तुम्हीच खा."

खाल्ल्या. पत्र मी कोऱ्या कागदावर लिहिलं: ब्रेक घासला आहे, नवा भाग आलेला नाही, तो बसेपर्यंत लिफ्ट बंद ठेवतो, चालू केली ती आमची चूक. लिफ्ट दोन दिवस बंद राहिली. सेक्रेटरींनी फोनवर माझी वाट लावली. चौथ्या मजल्यावरच्या माणसांनी दूध-भाजी जिन्याने चढवली. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही आपणहून बोलायला गेले नाही.

लायनिंग बसलं. मी मेकॅनिकला विचारलं, त्याने जुना तुकडा टेबलावर आणून ठेवला, तेव्हा दुसरं पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नंबरवर फोन आला. थकलेला, म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"मी मुलुंडहून बोलते, ती लिफ्टमध्ये अडकलेली. हे पत्र कोणी लिहिलंय?"

"मी लिहिलंय, आजी."

"ब्रेक बदलला असं लिहिलंयस. खरंच बदललाय ना गं? खाली उभी आहे मी, चौथ्यावर घरी जायचंय, दार उघडं आहे. भीती वाटते."

"बदललाय. जुना माझ्यासमोर टेबलावर आहे. बसा तुम्ही."

"बरं," त्या म्हणाल्या. "फोन चालू ठेव."

दार सरकल्याचा आवाज आला. चौथा मजला येईपर्यंत मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले.