सोलापूरचे आठ दिवस आणि अण्णांना पाठ असलेले आकडे

बँकेच्या पत्रात कामाची ओळ एकच होती. तारेने येणाऱ्या पैशांची तपासणी शिकण्यासाठी मी आठ दिवस सोलापूर शाखेत हजर व्हावं. बँका सरकारी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि तपासनीस म्हणून मुली घ्यायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील पुण्यात भवानी पेठेत लाकडाच्या वखारीत हमाली करतात. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तार तर पोस्टात येते. त्यात पैसे कसे बसतात?" मलाही नीट सांगता आलं नाही. म्हणून तर जायचं होतं.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर सकाळची पॅसेंजर धरा. ती प्रत्येक स्टेशनवर थांबते, पण बसायला जागा मिळते. दौंडनंतर हिरवं कमी होत जातं. कुर्डुवाडीला डबा उघडला तेव्हा समोरच्या बाईंनी न विचारता माझ्या पोळीवर शेंगांची चटणी ठेवली. "खा की. सोलापूरला चाललात न्हवं, सवय करून घ्या," म्हणाल्या. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, पण दुसऱ्यांदा मीच मागून घेतली.

एकट्या बाईला लॉजवर खोली मिळणं अवघड. आमचे शिकवणारे वरिष्ठ तपासनीस काळेसाहेब आधीच आले होते. त्यांनी स्टेशनजवळ एका शिक्षिकाबाईंच्या घरी माझी सोय केली होती. खोली आणि रात्रीचं जेवण मिळून दिवसाला चार रुपये. जेवणात कडक भाकरी आणि आमटी. भाकरी पापडासारखी मोडते, ती आमटीत कुस्करूनच खायची. मी पहिल्या रात्री नुसतीच चावत बसले होते.

शाखेत पाऊल टाकलं तसा शिपाई बसप्पा मोठ्यानं म्हणाला, "बर्री बर्री, या या! तपासनीस बाई आल्या. आता चा बी मोजून प्यावा लागतंय." सगळे हसले. तारेच्या टेबलावरचे मल्लय्या अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण स्टूल ओढून घेतलं.

अण्णांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. वडील हातमागावर चादरी विणायचे. अण्णांची सगळी नोकरी याच शाखेत झाली होती, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी वडिलांना जे समजावू शकले नव्हते ते त्यांनी मला एका तासात समजावलं. मुंबईचा व्यापारी तिथल्या शाखेत पैसे भरतो. ती शाखा सोलापूरला तार करते, अमक्याला इतके द्या. पैसा इथून तिथे जात नाही, विजेवरून नुसता निरोप येतो. मग निरोप खरा कशावरून? तारेच्या शेवटी एक अंक असतो. गुप्त पुस्तकात तारखेचा एक, रकमेचा एक, शाखेचा एक असे आकडे दिलेले असतात. त्यांची बेरीज तारेतल्या अंकाशी जुळली तरच पैसे द्यायचे.

"सही बघून चेक कळतंय," अण्णा म्हणाले. "तारेला सही कुठली, बाई? हा अंकच तिचा चेहरा."

ते पुस्तक दोन किल्ल्यांच्या तिजोरीत. एक किल्ली अण्णांकडे, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे. पुस्तक काढलं की वहीत वेळ लिहून दोघांनी सही करायची.

गुरुवारी काळेसाहेबांनी मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाठवलं. "पैसा शेवटी कुठं पोचतो ते पाहून या. कागद मग नीट वाचता येतात." बसनं गेले, शेवटचा तुकडा चालत. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, कानाशी तोंड न्यावं लागतं. टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या एका बाईंना विचारलं, पगार कधी?

"शनवारी. बँकेतनं मालक आले की. न्हाय आले तर सोमवारी."

"मग दोन दिवस?"

"दोन दिस काय, उसनं पीठ!" त्या हसल्या. "पर आता लई दिस झाले, शनवार चुकला न्हाय."

मला फार बरं वाटलं. आपल्या कामाचा असा कुणाला तरी उपयोग होतो, हे मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते.

शनिवारी बँक बाराला बंद. साडेदहाला तारा आल्या, समोर कारखानदार उभे. अण्णांनी एकेक तार पाहिली, क्षणभर डोळे मिटले, कडेला पेन्सिलीनं अंक लिहिला आणि पैसे द्यायला सांगितलं. तिजोरी बंदच होती. मी वही उघडली. कित्येक महिने एकाही शनिवारी पुस्तक बाहेर काढल्याची नोंद नव्हती.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "अण्णा, पुस्तक?"

त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "तुम्ही शिकायला आलात, म्हणून सांगतो. मॅनेजरसाहेबांची आई कुर्डुवाडीला अंथरुणावर हाय. शुक्रवारी रात्री जातात, शनवारी येईपर्यंत पावणेबारा. तोवर तिजोरी उघडत नाही. मग या लोकांनी काय करायचं?"

"पण मग अंक?"

"पाठ झालंय की. आमचे वडील कागद न बघता पूर्ण चादरीची नक्षी विणायचे. हे त्यापुढं काय?" आणि त्यांनी हळू आवाजात मला महिन्याच्या एकतीसही तारखांचे आकडे म्हणून दाखवले. सोमवारी पुस्तक बाहेर निघाल्यावर त्यांनी ते पुन्हा म्हटले आणि मी ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता.

त्याच संध्याकाळी काळेसाहेबांना सांगितलं. "पुस्तक चोरलं तर चोरी कळते," ते म्हणाले. "डोक्यातला आकडा गेला तर कुणाला कळणार? माणूस चांगला आहे, पण तुम्हाला माणूस तपासायला पाठवलेलं नाही. लिहा. शब्द तुमचे."

मी रात्रभर शब्द शोधले. अण्णांना काही होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून किल्लीची अडचण आधी लिहिली. नंतर लिहिलं की या अधिकाऱ्यांचा प्रामाणिकपणा आणि स्मरणशक्ती असामान्य आहे, त्यांनी महिन्याचे सगळे आकडे माझ्यासमोर बिनचूक म्हणून दाखवले. मला वाटलं, हे वाचून वरचे लोक त्यांचं कौतुक करतील.

निघताना अण्णांनी स्टेशनवर दाण्यांच्या चटणीची पुडी दिली. मी नको म्हटलं, तपासनिसानं शाखेतून काही घ्यायचं नसतं. "बरोबर," ते म्हणाले आणि पुडी पिशवीत ठेवली. परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली नाही.

दीड महिन्यानं काळेसाहेबांनी बोलावून सांगितलं. वरच्या कार्यालयानं माझं कौतुकाचं वाक्यच अधोरेखित केलं होतं. गुप्त आकडे एका प्रशिक्षणार्थीसमोर तोंडी म्हटले, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? सगळ्या शाखांची पुस्तकं रद्द झाली. अण्णांची बढती थांबली आणि निवृत्तीआधीची दोन वर्षं त्यांना रत्नागिरीकडच्या एका लहान शाखेत पाठवलं. तिथे तार येत नाही. मॅनेजरसाहेबांना ताकीद मिळाली. सोलापूरला शनिवारी आलेल्या तारांचे पैसे आता सोमवारी मिळतात.

मी अण्णांना पत्र लिहिलं. उत्तरादाखल एक कार्ड आलं. "बाई, तुम्ही खोटं काही लिहिलं नाही. इथं पाऊस फार आहे. मंडळी सोलापुरातच आहेत." बाकी कार्ड कोरं.

त्याच आठवड्यात मला बँकेचं शाबासकीचं पत्र मिळालं. नव्या तपासनिसांच्या वर्गात माझा अहवाल वाचून दाखवणार होते. वडील ते पत्र वखारीच्या मालकांना दाखवायला निघाले होते. टोपी घालून झाली होती.

"म्हणजे चोर पकडलास तू?"

"चोर नव्हते, बाबा."

"मग पैसे बुडाले असतील."

"एक पैसाही नाही."

"मग तुला सापडलं कसं?"

"मला सापडलं नाही. शिकवता शिकवता त्यांनीच सांगितलं."

वडील दारातच उभे राहिले. पुढे त्या माणसाचं काय झालं, तेही त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. मग त्यांनी पत्र होत्या त्याच घड्यांवर दुमडलं, माझ्या हातात दिलं आणि टोपी काढून खुंटीला लावली.