डाव्या बाजूची कोशिंबीर

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. तिला ती कळली, पण माझ्या तोंडून नव्हे. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

मी डॉक्टर. मिरजेला शिकलो, सत्तरच्या दशकात मिशिगनला आलो आणि नोव्हाय शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका गावात दवाखाना थाटला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आइस हॉकी संघाला डॉक्टर हवा होता. संघ लहान, खालच्या लीगमधला, पण खेळाडू पगारी. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. टाके घालता येत होते, तेवढं त्यांना पुरलं. पहिल्याच आठवड्यात मी बुटांनिशी बर्फावर सपशेल आपटलो, सगळा संघ पोट धरून हसला, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा ‘डॉक’ झालो. त्या एका शब्दाचं मला किती अप्रूप होतं म्हणून सांगू! हॉस्पिटलात इतकी वर्षं काढून माझं आडनाव नीट उच्चारायची तसदी कुणी घेतली नव्हती. आणि इथे ही दांडगट पोरं लांबून हाक मारायची – हे डॉक! मी पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्या हाकेनं हुरळून जायचो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टॉड त्या संघात बचावाला खेळायचा, डाव्या बाजूला. बचावपटूचं काम तसं बिनकौतुकाचं. गोल करायचा नाही, दुसऱ्याला करू द्यायचा नाही. ती रबराची चकती, म्हणजे पक, पायावर, बरगडीवर झेलायची आणि अंगावर येणाऱ्याला कडेच्या फळ्यांवर दाबून धरायचं. टॉड मिनेसोटाच्या पार उत्तरेकडचा, एकटा राहायचा, डब्यातलं सूप गरम करून प्यायचा. एका रविवारी हनुवटीचे टाके काढायला घरी आला आणि जेवायलाच थांबला. मग दर रविवारी यायला लागला. आमच्या मुलांचं ऐकून सुलभाला ‘काकू’ म्हणायचा.

सुलभा साताऱ्याची, एरवी मवाळ, पण ताट वाढायच्या बाबतीत महाकडक. अमेरिकेत येऊन ओव्हनमध्ये पुरणपोळ्या गरम करील, पण ताटातली जागा बदलणार नाही. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या अंगाला ओळीनं लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. टॉडला हे सगळं भयंकर आवडलं. म्हणाला, ‘काकू, यू हॅव पोझिशन्स!’ डावी बाजू बचावाची, उजवी चढाईची, आणि मीठ म्हणजे गोलकीपर. कोशिंबीर ही त्याची स्वतःची जागा. शब्द पाठ करायला त्याला दोन रविवार लागले. पुढे तो सामन्याआधी काठीला पट्टी गुंडाळताना ते पुटपुटायचा – मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. दीड वर्षात एकदाही चुकला नाही.

आता माझ्या हुशारीबद्दल. तेव्हा डोक्याला मार बसला की आम्ही काय करायचो? बोटं किती, गाव कोणतं, स्कोअर किती, असं विचारायचं. पोरं बिलंदर. मार बसलेल्याला खोलीकडे नेता नेता कुणीतरी कानात स्कोअर सांगून ठेवायचं. म्हणून टॉडसाठी मी माझा वेगळाच प्रश्न काढला. ‘टॉड, ताट सांग.’ याची कॉपी कोण पुरवणार? साऱ्या इमारतीत उत्तर दोघांनाच ठाऊक. कोचला ही युक्ती इतकी आवडली की तो पाहुण्यांना सांगत सुटायचा. आणि मी – मीही फुगायचो.

उत्तर तपासणारा मी एकटाच आहे, याचा अर्थ काय होतो, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तो जानेवारीतला शनिवार होता, दुपारचा सामना. आमच्या इथल्या मराठी मंडळानं त्या वर्षी टूम काढली – आधी सगळ्यांनी डॉक्टरांच्या संघाचा सामना बघायचा, मग शाळेच्या हॉलमध्ये हळदीकुंकू. चाळीसेक माणसं आली. काळ्या साड्यांवर जाडजूड कोट चढवलेल्या बायका, हॉट चॉकलेट सांडणारी मुलं. फलकावर मंडळाचं नाव झळकलं, आणि कोचच्या मागे उभं राहून मी त्यांना हात केला. राजानं करावा तसा.

दुसरा डाव संपता संपता टॉड गोलमागे पक काढायला गेला आणि समोरच्याचा खांदा बसला. डोकं कडेच्या फळ्यांवरच्या काचेवर आदळलं. आवाज वरपर्यंत गेला असणार. टॉड उठला, पण आपल्या बाकाकडे यायच्या ऐवजी दुसऱ्यांच्या बाकाकडे निघाला. कुणीतरी वळवला. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

खोलीत त्याला टेबलावर बसवलं. बोटं किती? बरोबर. गाव? बरोबर. दुखतंय? नाही. कोच दारात उभा. बचावाचे दोघे आधीच जायबंदी होते आणि संघ एका गोलनं पुढे होता. मी म्हणालो, ‘टॉड, ताट सांग.’

तो हसला. म्हणाला, ‘मीठ.’ मग थांबला. ‘लिंबू.’ डाव्या हातानं हवेत जागा दाखवत होता. हात तिथेच राहिला. मी वाट बघितली. किती वेळ? दहा सेकंद असतील. मग म्हणाला, ‘भाजी.’ आणि माझ्याकडे बघितलं, शाळेतलं पोर बाईंकडे बघतं तसं.

चटणी गेली होती. कोशिंबीर गेली होती. त्याची स्वतःची जागाच त्याला सापडत नव्हती.

कोचनं विचारलं, ‘डॉक, येस ऑर नो?’ त्याच्या मागे, दाराच्या फटीतून, मंडळाचे सेक्रेटरी पाटणकर डोकावत होते. त्यांना तिथवर यायची परवानगीही मीच काढून दिली होती. म्हणाले, ‘डॉक्टर, टॉड खेळतोय ना हो? मुलं नुसती त्याच्या नावानं ओरडतायत. डिसअपॉइंट नका करू यार.’

मी म्हणालो, ‘येस. ही गॉट इट. करेक्ट.’

बस्स, एवढंच. शब्द किती? मोजायला गेलं तर हाताच्या बोटांवर मावतील.

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. कानानं ऐकलं, डोळ्यांनी बघितलं, आणि डॉक्टर म्हणून जे समजायचं ते लख्ख समजलं. कुणी दरडावलं नव्हतं. कोच चिडला असता, दोन दिवस बोलला नसता. पाटणकर हिरमुसले असते. मला फक्त त्या खोलीत सगळ्यांना हवासा वाटणारा माणूस व्हायचं होतं. तेवढ्यासाठी.

तिसऱ्या डावातला धक्का साधा होता, रोज बसणारा. टॉड खाली गेला तो उठलाच नाही. मी बर्फावर धावलो, या वेळी घसरलो नाही. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. वर प्रेक्षकांत आमची मुलं अजून त्याच्या नावानं ओरडत होती, कारण त्यांना वाटलं की हाही खेळाचाच भाग आहे. त्या संध्याकाळी हळदीकुंकू रद्द झालं नाही. सुलभा तेवढी माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली, हळदीकुंकवाचं कुंकूही तिनं जाताना गाडीतच स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

टॉड वाचला. पण तो पुन्हा खेळला नाही. सगळा वसंत पडदे ओढून खोलीत पडून होता. उजेड सोसवेना, सुलभानं पाठवलेल्या डब्यातला फोडणीचा वास सोसवेना. मे महिन्यात एका रविवारी आमच्याकडे आला, जेवला नाही, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टोपी हातात धरून बसला. आणि माझी माफी मागितली.

हो, त्यानं माझी. म्हणाला, ‘डॉक, आय लाइड टू यू.’ पुढे सांगत गेला – मला त्या दिवशी सगळं दोन-दोन दिसत होतं, बोटं मी अंदाजानं सांगितली, दुखतंय हे लपवलं. तू इतका विचार करून प्रश्न काढलास आणि मी तुला फसवलं. तुझ्या नावाला बट्टा लागला असता. सॉरी.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तोंड उघडून एक वाक्य! टॉड, तू मला फसवलं नाहीस, तू चुकलास आणि मी बरोबर म्हणालो. वाक्य जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘इट्स ओके, टॉड.’

मी त्याला क्षमा केली, कळतंय का तुम्हाला? सुलभानं डोळे पुसले. तो गेल्यावर म्हणाली, ‘किती सरळ मनाचं पोर आहे हो.’ मी हो म्हणालो आणि पेपर उघडला.

पुढे टॉडचं नशीब उघडलं, असं सगळे म्हणाले. उत्तरेकडे तीन तासांवरच्या एका रेडिओ स्टेशननं त्याला सामन्यांच्या कॉमेंट्रीला घेतलं. मुख्य निवेदक खेळ सांगणार, टॉड शेजारी बसून खेळाच्या आतलं सांगणार. फार सुंदर बोलायचा. बचावपटू दोन पावलं मागे का सरकतो, हे त्याच्याकडून ऐकलं की बर्फ दिसायला लागायचा. आणि दर हंगामात एकदा तो आपली गोष्ट सांगायचा. माझ्या हुशार डॉक्टरनं असा प्रश्न काढला होता की त्यातून सुटका नाही, तरी मी त्याला चकवलं आणि त्याची किंमत मोजली. पोरांनो, डॉक्टरशी खोटं बोलू नका. गावातले लोक मला थांबवून सांगायचे, काल रेडिओवर तुमचं नाव आलं. पाटणकरांनी तर कॅसेट करून मंडळाच्या कार्यक्रमात वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. काय करणार होतो दुसरं? तुम्ही म्हणाल, बरंच काही करता आलं असतं. बरोबर म्हणाल.

मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याचे सामने ऐकायचो. दोनेक वर्षं गेली आणि मला ते ऐकू यायला लागलं. टॉड बोलता बोलता थांबायचा. नाव यायचं नाही. ‘तो डावीकडचा... तो...’ निवेदक चटकन नाव पुरवायचा आणि खेळ पुढे जायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, दम घेतोय. मला ती शांतता ओळखीची होती. लिंबू आणि भाजीच्या मधली. पुढे पुढे मी सामना ऐकतच नव्हतो, त्या शांततेची वाट बघत होतो. ती आली की स्टिअरिंग घट्ट धरायचो आणि मोजायचो. कधी तीन, कधी पाच. एकदा नऊपर्यंत गेलो.

दशक संपता संपता स्टेशननं त्याला निरोप दिला. केक कापला, कौतुक केलं. मिनेसोटाला बहिणीकडे जायला निघाला तेव्हा वाटेत आमच्याकडे थांबला. सुलभानं सकाळपासून घाट घातला होता. इतक्या वर्षांनी तिनं त्याला ताट वाढायला घेतलं, आणि टॉड ताटाकडे बघून खुलला. म्हणाला, काकू, थांब, मी सांगतो. बाकी खूप विसरायला होतं हल्ली, पण हे नाही. रोज सकाळी म्हणतो.

आणि त्यानं बोट ठेवत ठेवत सांगितलं. ‘मीठ. लिंबू. भाजी.’

सुलभा हसली. हातात कोशिंबिरीचं भांडं होतं. म्हणाली, ‘नाही रे राजा, भाजी उजवीकडे. डावीकडे चटणी अँड देन कोशिंबीर. युवर प्लेस!’

‘नो, काकू,’ टॉड म्हणाला. अगदी प्रेमानं, समजूत घालावी तसं. ‘त्या दिवसाचं एवढंच एक आठवतं मला. मी हेच सांगितलं होतं, आणि डॉक म्हणाला, करेक्ट.’

सुलभानं माझ्याकडे बघितलं.

तिचा चेहरा बदलला नाही. ती खाली वाकली आणि त्याच्या ताटात डाव्या बाजूला कोशिंबीर वाढली. मग माझ्या ताटात वाढली. नंतर आमटी गरम करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर ती माझ्याबरोबर अकरा वर्षं जगली. एका शब्दानंही तिनं मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

टॉड बहिणीकडे आहे. संक्रांतीला फोन करतो, बहीण नंबर लावून देते. नाव विसरतो, डॉक म्हणतो. मग ताट म्हणून दाखवतो आणि गप्प राहतो, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

दर वर्षी मी म्हणतो, ‘करेक्ट.’