खालचा डावा कोपरा

समजा, तुमच्यासमोर एका खोलीचं चित्र आहे. खोली कुणाची ते माहीत नाही, पण राहणारा माणूस नीटनेटका नव्हता एवढं नक्की. टेबलावर पुस्तकं, पुस्तकांवर बशी, बशीत चमचा. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, खुर्चीखाली पक्ष्याचा रिकामा पिंजरा, पडद्याच्या घडीत कसलासा दांडा. चित्राखाली बारा वस्तूंची यादी आहे: कात्री, शिट्टी, हातोडी, घुबड, लाल बटण वगैरे. त्या शोधायच्या. शोधा. अकरा सापडतील. बाराव्या वस्तूपाशी तुमचं घोडं अडेल आणि थोड्या वेळानं तुम्ही शपथेवर सांगाल, की ती वस्तू या खोलीत नाहीच.

घारताईवर अशी शपथ घ्यायची वेळ कधी आली नव्हती. हजेरीच्या यादीत तिचं वेगळं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं. एरवी सगळ्यांच्या तोंडी घारच. लहान विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं टूलरूम सांभाळत होती, आणि घरी आली की हातपाय धुऊन, मांडीवर टॅब घेऊन लपलेल्या वस्तू शोधायचे गेम खेळत बसायची. धाकट्या बहिणीची मुलगी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला होती. ती चिडवायची, "मावशी, दिवसभर पाने सांभाळतेस आणि घरी येऊन पानेच शोधतेस. शिंप्यानं सुट्टीत बटणं लावत बसावं तसं झालं हे."

"दिवसभर मी काही हरवूच देत नाही," घारताई म्हणायची. "मग शोधायची हौस भागवू कुठे?"

या गेमांबद्दल तिची मतं पक्की होती आणि कुणी विचारो न विचारो, ती ऐकवायची. चांगला गेम वस्तू लपवतो, वाईट गेम वस्तू पुसतो, हे पहिलं. छत्री काठ्यांच्या कोपऱ्यात, नळ्यांच्या गर्दीत बासरी, हे लपवणं झालं. पण हातोडी फिकट करून ढगात चिकटवायची, याला ती सरळ लबाडी म्हणायची. मदतीचं बटण तिनं आजवर दाबलं नव्हतं. जे लोक दिसेल तिथे टकटक बोट मारत सुटतात, त्यांचं बोट गेमनं दहा सेकंद बांधून ठेवावं, हेही तिला मान्य होतं. गोष्ट कशी आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. ओसाड बंगला, गायब बहीण, तळघरातून येणारा आवाज, हे सगळीकडे सारखंच. पण एका गोष्टीनं तिचं डोकं फिरायचं. गेममधली बाई पक्कड शोधून काढते, एक तार कापते आणि पक्कड गायब!

"गेली कुठे? कुणाच्या नावावर?" घारताई टॅबलाच जाब विचारायची. "इतकी चांगली पक्कड भुयारात टाकून आली ही. माझ्या शेडमध्ये असती तर संध्याकाळी घरी जाऊ दिली नसती."

ते खरंच होतं. टूलरूमच्या भिंतीवर एक मोठा फळा होता आणि त्यावर एकशे चौसष्ट हत्यारं टांगलेली. प्रत्येक हत्यारामागे त्याच्याच आकाराचा लाल रंग दिलेला. हत्यार उचललं की लाल आकार उघडा पडायचा, आणि उचलणाऱ्यानं तिथे आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. काम संपलं की हत्यार जागेवर ठेवायचं. मग घारताई फळा बघून "भरला" म्हणणार, त्यानंतरच बिल्ले उचलायचे. तिची सही झाल्याशिवाय विमान शेडबाहेर जात नसे. विमानाच्या पोटात राहिलेला एखादा लहानसा पानाही वर गेल्यावर कुठे जाऊन अडकेल, याचा नेम नाही.

तिच्या आधीचे टूलरूमवाले काका प्रत्येक हत्याराला बोट लावून मोजायचे. पाव तास जायचा. घारताईची तऱ्हा वेगळी. ती दोन पावलं मागे उभी राहायची, फळ्याच्या मधोमध नजर रोखायची आणि सगळं चित्र एकदम आत घ्यायची. लाल काही दिसलं नाही की "भरला". तीन सेकंदांचं काम. घार हे नाव त्यावरूनच पडलं. गेमही ती तशीच खेळायची. नजर भिरभिरवायची नाही, मध्यावर ठेवायची आणि वस्तूंना आपणहून पुढे येऊ द्यायचं.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र तिचं गेमांशी बिनसलं होतं. शेवटची एक वस्तू सापडता सापडत नव्हती. मग नाइलाजानं चित्र बोटानं सरकवत शोधायचं, आणि निघायची कुठे? खालच्या डाव्या कोपऱ्यात. दर वेळी. ती इतकी वैतागली, की गेमांच्या पानांवर जाऊन मत लिहू लागली. मत ठणठणीत असायचं. 'चित्रं सुंदर. पण करणाऱ्यांना एकच कोपरा माहीत आहे. सगळं तिथेच कोंबतात. दोन तारे.'

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, भाचीच्या हाती ही मतं लागली. ती मोठ्यानं वाचत हसत सुटली. मग हसता हसता थांबली.

"मावशी, हे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे गेम आहेत."

"मग? चोर चोर मावसभाऊ."

"अगं, तिघंही एकाच कोपऱ्यात कशाला लपवतील?" भाची तिच्या शेजारी येऊन बसली. "आत्ता काय राहिलंय तुझं?"

"कात्री. या खोलीत कात्री नाहीच आहे. गेम बिघडलाय."

भाची टॅबवर वाकली. तिनं घारताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, थट्टा चालली आहे का ते बघायला. मग खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कात्री तिथे होती. पुसलेली नाही की ढगात चिकटवलेली नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर उघडी पडलेली, चांगली बोटभर लांब काळी कात्री.

"ही तुला दिसत नव्हती?"

घारताईनं नजर तिच्यावर नेली तेव्हा ती स्पष्ट दिसली. नजर पुन्हा चित्राच्या मध्यावर आणली, तर त्या जागी स्वच्छ, पांढरं टेबलक्लॉथ. भोक नाही, काळा डाग नाही, धूसरपणा नाही. नुसतं कापड. तिनं हे चारदा करून पाहिलं. पाचव्या वेळी तिनं टॅब पालथा ठेवला.

कारण आता तिच्या डोळ्यांपुढे टॅब नव्हता. फळा होता. फळ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काय टांगलेलं असतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तपासणीचा छोटा आरसा. लांब दांड्याला बोटभर काच, जिथे डोकं जात नाही तिथलं बघायला. काल शेडमधल्या लांब्या मेकॅनिकनं तो सहा आसनी विमानाच्या शेपटाच्या कामासाठी नेला होता. संध्याकाळी तिनं तीन सेकंद फळा पाहिला होता, "भरला" म्हटलं होतं, आणि सही केली होती. ते विमान आज साडेतीनला उडणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

तिनं फोन उचलला. शेडच्या साहेबांचं नाव समोर आणलं. अंगठा नावावरच राहिला. सांगायचं काय? साहेब, मला दिसत नाही, असं? घारीला दिसत नाही? एकोणीस वर्षं एका वाक्यात मातीमोल होणार होती. तिनं फोन पर्समध्ये टाकला.

"स्कूटर काढ," ती भाचीला म्हणाली. "आधी फळा बघू. भरलेला असला तर कुणाला काही सांगायची गरज नाही. आणि तूही बोलू नकोस."

"आणि नसला तर?"

"तू स्कूटर काढ."

वीस मिनिटांचा रस्ता तिला संपता संपेना. शेड बंद होती, पण पहारेकऱ्यानं तिला बघून दार उघडलं. मागच्या धावपट्टीकडून काही आवाज येत नव्हता, म्हणजे विमान अजून जमिनीवर होतं. घारताई टूलरूमचा दिवा लावून फळ्यासमोर गेली. पाय सवयीनं दोन पावलं मागे थांबले. नजर सवयीनं मधोमध गेली. एक, दोन, तीन.

भरलेला. एकशे चौसष्टच्या एकशे चौसष्ट. आरसासुद्धा. तो तिथे होता, रोजच्या जागी, रोजच्यासारखा. उगीच जीव टांगणीला लावला पोरीनं, असं म्हणायला ती वळणार, तेवढ्यात मागून भाचीचा अगदी बारीक आवाज आला.

"मावशी... ते खाली लाल काय आहे?"

घारताई वळता वळता थांबली. ती पुढे झाली, खाली वाकली आणि काकांसारखं बोट लावलं. बोटाला गार पत्रा लागला. लाल रंग. लांब दांडा, वर लहानसं गोल. आरसा नाही. बिल्लाही नाही.

बाहेर इंजिन घरघरायला लागलं.

या वेळी अंगठा थांबला नाही. "साहेब, विमान थांबवा. तपासणीचा आरसा फळ्यावर नाही. शेपटात राहिलाय."

"काय बोलताय, ताई? काल तुमची सही आहे."

"आहे. चुकीची आहे."

"तुमची? खात्री आहे का तुम्हाला?"

"खात्री नाही म्हणून तर सांगतेय!" तिचा आवाज फाटला. "मला खालचं डावीकडचं दिसत नाही, साहेब. कधीपासून ते मलाच माहीत नाही. आधी थांबवा, मग काय बोलायचं ते बोला."

 पलीकडून फोन कट झाला. घारताई आणि भाची टूलरूमच्या दारात एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. इंजिनचा आवाज चढत गेला. विमान पुढे सरकल्याचं खिडकीतून दिसलं. आवाज आणखी चढला, घारताईनं डोळे गच्च मिटले, आणि मग तो हळूहळू उतरत बंद पडला.

लांब्याला घरून बोलावून घेतलं. तो शर्टाची बटणं लावतच आला. त्यानं शेपटाचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ त्याचा चेहरा नुसता पत्र्याला टेकलेला दिसत होता. मग तो थांबला आणि हात फार सावकाश, काच फुटू नये अशा बेतानं बाहेर आला. आरसा शेपटाचा पंख हलवणाऱ्या तारेपाशी होता. टेकलेला. एका झटक्यात तारेत अडकला असता.

लांब्यानं आरसा उजेडात धरला. "ताई, मी आणून टांगला होता हा. मला पक्कं आठवतंय. तुम्ही 'भरला' म्हणालात, मग मी बिल्ले घेतले."

"मलाही पक्कं आठवतंय," घारताई म्हणाली.

साहेबही आले होते. त्यांनी फक्त तिच्या हातातून टूलरूमची किल्ली घेतली. "आधी डोळे दाखवून या," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तिला एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवा, मधल्या दिव्याकडे बघा, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबा. घारताईच्या मनात आलं, हाही शोधायचाच गेम, फक्त याला यादी नाही. आणि जे चमकलं पण दिसलं नाही, ते आपल्याला कळणार कसं? बटणावरचा अंगठा घामानं सरकत होता. बराच वेळ काहीच चमकलं नाही, तेव्हा यंत्र बिघडलं असं तिला वाटलं. कात्रीच्या वेळी गेम बिघडला असं वाटलं होतं, तसंच.

यंत्रानं दोन्ही डोळ्यांचे कागद बाहेर टाकले. दोन्हींवर खाली डावीकडे काळा तुकडा होता.

"काचबिंदू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेलं ते परत येत नाही. थेंब नियमित टाकलेत तर आहे ते टिकवता येईल."

"पण तिथे मला काळोख का दिसत नाही? भोक का दिसत नाही?"

"मेंदू रिकामं ठेवत नाही. आजूबाजूला जे असेल त्यानं भरून टाकतो."

बाहेर भाची वाट बघत होती. घारताई दारापर्यंत गेली आणि परत फिरली. टेबलक्लॉथचं तिला पटलं होतं. आजूबाजूला पांढरं, म्हणून पांढरं भरलं. पण फळ्यावर त्या जागेच्या आजूबाजूला आरसा नव्हता, आणि त्या दुपारी तो तिनं पाहिला होता, एकोणीस वर्षं रोज दिसायचा तसाच, दांड्यासकट, दिव्याची तिरीप काचेवर पडलेली.

"डॉक्टर," ती दाराची कडी धरून म्हणाली, "आजूबाजूचं भरतो म्हणता ना? मग तो आरसा तिथे कुणी आणून ठेवला होता?"