सावली न पडणारे पाहुणे

माझे बाबा अकोल्यात पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. बाळापूर आणि पातूरच्या बाजारात त्यांच्या हातची अक्षरं अजूनही कुठे कुठे टिकून आहेत. फ्लेक्स आले, काम आटलं, तरी बाबांचा ब्रश सुटला नव्हता. तो सुटला हात थरथरायला लागल्यावर. आधी उजवा अंगठा, मग अख्खा पंजा. पार्किन्सनचं निदान झालं अमरावतीत. मी तिथे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आई गेल्यापासून बाबा अकोल्याच्या घरी एकटेच असतात. माझ्याकडे राहायला या म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "तथी माह्या वळखीचं कोन हाये?"

अकोल्यात ओळखीचं म्हणजे मुख्य करून एकच माणूस, शेजारच्या गल्लीतले चाचा. एकाच पाटीवर बाबा मराठी लिहायचे आणि चाचा उर्दू, असा दोघांचा उभा जन्म गेलेला. दोघंही एकमेकांना नुसतं 'पेंटर' म्हणून हाक मारतात.

अमरावतीच्या डॉक्टर माझ्याहून वयानं लहान. पहिल्या भेटीतच त्या म्हणाल्या, "काकांना दर वेळी एवढा प्रवास नको." त्यांच्या दवाखान्याचं एक ॲप होतं, ते त्यांनी बाबांच्या मोबाइलवर घ्यायला लावलं. औषधानं काही त्रास झाला तर त्यात लिहायचं, नाहीतर बोलून पाठवायचं. ओपीडी संपली की त्या बघणार. तातडीचं काही असेल तर मात्र ॲपची वाट न पाहता सरळ जवळचा दवाखाना गाठायचा. तेच खातं माझ्याही मोबाइलवर उघडत होतं. थरथरत्या बोटानं बाबांना अक्षरं दाबता येईनात, म्हणून मी त्यांना माइकचं बटण दाखवून दिलं. पुढे बरेच दिवस त्यांचा एकच निरोप जायचा, "तब्येत बरी हाये. धन्यवाद."

हाताची थरथर कमी होईना, तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक छोटी गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांनी ती थोडी वाढवली. हात खरंच शांत झाला. चाचांच्या मुलीनं बाळापूरला शिवणक्लास काढला होता. तिची पाटी दोघा पेंटरांनी मिळून करायची ठरली. बाबांनी पत्रा घासून अस्तराचा रंगसुद्धा दिला. फोनवर त्यांचा आवाज पुन्हा कामावर निघालेल्या माणसासारखा यायला लागला.

आणि एक दिवस चाचांचा फोन आला. "बेटा, एक बात पूछूं? पेंटर घरात कोनासंग बोलते?"

संध्याकाळी ते बाबांकडे गेले होते. भिंतीपाशी सतरंजी अंथरलेली, तिच्यावर पाण्यानं भरलेले पेले मांडलेले, आणि बाबा समोर बसून कुणाला तरी म्हणत होते, "घ्या नं, लाजता काहून?" सतरंजीवर कुणीच नव्हतं. चाचांना पाहिल्यावर बाबांनी पेले उचलले आणि विषय बदलला.

बाबांचं मन आता हातातून निसटायला लागलं की काय, अशी मला भीती वाटली. रविवारी अकोल्याला जाऊन मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "टीव्हीसंग बोलत असन मी." त्या दिवशी मी असेपर्यंत त्यांनी एकदाही भिंतीकडे पाहिलं नाही. निघताना मी मनाशी ठरवलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आपणच कळवायचं.

पण माझ्याआधी बाबांनीच कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात मोबाइल वाजला. ॲपवर बाबांचा निरोप होता. मी पुस्तकांच्या कपाटांमागे जाऊन कानाला लावला.

"बाई, मी अकोल्याचा पेंटर बोलून राहिलो. तुमी दवाखान्यात इचारलं, काही तरास हाये काय म्हून, तवा पोरगी बाजूले होती. म्हून बोललो नाई. मले घरात मानसं दिसून राहिले. दिवे लागले का येतात. एक टोपीवाला बुढा हाये, एक बाई हाये, तिच्यासंग लहान पोट्टी हाये. बोलत नाईत. भिंतीले टेकून बसतात, पाटी न्याले आल्यावानी. थे खरे नाईत, मले ठावं हाये. मी पेंटर मानूस, पह्यले सावली पाह्यतो. त्यायची सावली पडत नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गोळीनं होत असन त सांगा. पन गोळी बंद नका करू. लय दिवसानं हात माह्यं आयकून राहिला. आन पोरीले सांगू नका. थे घाबरते."

मी तिथेच स्टुलावर बसले. मला वाटत होतं बाबांना काही कळत नाहीये. त्यांना सगळं कळत होतं. हात पुन्हा जाईल या भीतीनं ते त्या तिघांसोबत गुपचूप राहत होते.

डॉक्टरांचं उत्तर त्याच दुपारी आलं, तेही बोलून आणि थेट आमच्या भाषेत. मला तोवर ठाऊक नव्हतं, की त्याही वऱ्हाडातल्याच. "काका, तुमी सांगितलं थे लय बरं केलं. तुमचं डोकं फिरलं नाई. या गोळीनं असं होऊ शकते, वय झालेल्या मानसाले जरा जास्तच. तुमी घाबरू नका, आपन पाहू. पन पोरीपासून लपवता येनार नाई बरं. तिच्या मोबाइलवर हे सारं दिसते. पह्यल्या दिवशी सांगितलं होतं, तुमी इसरले असान."

मी लगेच बाबांना फोन लावला.

"आयकलं काय वं माय?"

"हो बाबा."

"मंग रडून काहून राहिली?"

"नाही रडत." आणि काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "त्या पोरीनं काय घातलेलं असतं?"

बाबांनी विचार केला. "फराक. पोपटी. पन मळका पोपटी, त्यात काळा जास्त पडला." आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. कितीतरी दिवसांनी एवढं हसलो.

संध्याकाळी डॉक्टरांनी ॲपवरूनच व्हिडिओ कॉल केला. अकोल्यात मोबाइल चाचांनी धरला होता, इकडून मी जोडलेली. ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, दुसरं कुठलं औषध घेता का, असं सगळं त्यांनी विचारलं आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवले. मग म्हणाल्या, "ही गोळी एकदम बंद करायची नाही, काका. हळूहळू उतरवू. मनानं काही कमी-जास्त करू नका."

"मंग हात?" बाबांनी विचारलं.

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "थोडा पुन्हा थरथरेल. पण आधीपासूनच्या गोळीच्या वेळा बदलून पाहू. मला एक काम करून द्या. हात दिवसात केव्हा शांत असतो, ते रोज बोलून सांगा."

हे काम बाबांनी पाटीच्या कामासारखंच मनावर घेतलं. रोज निरोप जायला लागला. "बाई, आज न्याहारीनंतर हात चांगला व्हता, दुपारी बिघडला." एखाद्या दिवशी त्यात संत्र्यांचा भाव, चाचांचा गुडघा, नळाला न आलेलं पाणी असंही यायचं. डॉक्टर सगळं ऐकत असाव्यात, कारण एकदा त्यांनी चाचांच्या गुडघ्याला शेक द्यायला सांगितलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला एवढा वेळ कुठून मिळत होता, कळत नाही. मी मात्र रोज दुपारी त्यांच्या त्या दोन-तीन वाक्यांची वाट पाहायचे.

गोळी उतरत गेली तसे पाहुणे कमी झाले. आधी टोपीवाला बुढा येईनासा झाला, मग बाई. पोरगी सगळ्यात शेवटी गेली. "आज कोनीच आलं नाई," असा निरोप ऐकला तेव्हा बाबांच्या आवाजात सुटकेसोबत किंचित चुकल्या-चुकल्यासारखंही काही होतं.

हात पुन्हा थरथरायला लागला, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसाच. पण आधीच्या गोळीच्या वेळा सरकवल्यावर न्याहारीनंतरचा थोडा वेळ मोकळा मिळायचा. तेवढ्या वेळात बाबा अक्षरांची बाह्यरेषा काढायचे. हात ऐकेना झाला की ब्रश खाली, आणि आतला रंग चाचा भरायचे. एक मात्रा जरा कललीच. बाबा ती पुसायला निघाले तेव्हा चाचा म्हणाले, "रहने दे, पेंटर. पाटी हाये, निकाहनामा नाही." बाळापूरला पाटी लागली त्या दिवशी मी रजा काढून गेले. दोन्ही लिप्या शेजारी शेजारी, ताज्या रंगाचा वास, आणि पाटीखाली खुर्च्या टाकून चहा पिणारे दोन म्हातारे.

नंतर तपासणीसाठी बाबांना अमरावतीला आणलं. नेहमीप्रमाणे मी बाजूला बसले. डॉक्टर काही विचारणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "थांबा बाई, पह्यले मी सांगतो, मंग तुमी इचारा." आणि माझ्यादेखत त्यांनी झोप, चक्कर, पोट साफ न होणं, तोंडाला कोरड, सगळं सांगितलं. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर मध्येच एकदा माझ्याकडे पाहून हसल्या.

मला त्यांचे आभार मानायचे होते. मनात वाक्यं जुळवून नेली होती, पण बाहेर रांग मोठी आणि पुढचा रुग्ण आत आलासुद्धा. घरी येऊन मी ॲपवरच लिहिलं, की तुमच्यामुळे बाबा मला परत मिळाले. आणखीही बरंच लिहिलं. ओपीडी संपल्यावर उत्तर आलं, "मी काही विशेष केलं नाही, काकांनी सांगितलं म्हणून जमलं. पोट साफ होतं का ते चार दिवसांनी कळवा."

मी ते बाबांना वाचून दाखवलं आणि मोबाइल त्यांच्याच हातात दिला. त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि घसा साफ केला.