वरवंट्याचा झोका

नारायणगावच्या आमच्या शेजारच्या दादांना मोडकं लाकूड दिसलं की राहवत नाही. कुणी टाकून दिलेली खुर्ची असो की कपाट, ते पडवीत आणतात, पॉलिश पेपरने घासतात, रंगवतात आणि घासताना त्या वस्तूशी बोलतात, "लई सोसलंस गं बाय." माणसांशी मात्र मोजकंच.

माझ्या लेकीचं मागचं बाळ राहिलं नाही. यंदा जन्माआधी नवं काही घरात आणायचा मला धीर होईना. म्हणून बाजारातून जुना पाळणा घेतला आणि गुपचूप त्यांच्या पडवीत ठेवला.

आठवड्याने गेले, तर पाळणा पोपटी होऊन आढ्याला टांगलेला.

"कड्या कुरकुरतात का? बघा की हलवून," मी म्हणाले.

"रिकामा पाळणा हलवायचा न्हाई, ताई."

ते आतून पाट्यावरचा वरवंटा घेऊन आले. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी तो पाळण्यात अलगद ठेवला आणि झोका देऊ लागले. कुरकुर अजिबात नव्हती, तरी त्यांचा हात थांबेना.

"झकास झालाय हो!" मी मोठ्याने म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, ताई. आत्ता कुटं डोळा लागलाय."