मुठीत धरलेला कान

मागच्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या पायासाठी पिराला जो बोकड कापला, तो नवसाचा बोकड नव्हता. नवसाचा मी पळवला आणि त्याच्या जागी बाजारातून आणलेला दुसरा उभा केला.

चौदा वर्षं झाली. लातूरहून नांदेडला येताना मोटारसायकल घसरली आणि माझं मांडीचं हाड मोडलं. लातूरच्या दवाखान्यात रॉड टाकला, पण पहिल्यासारखं चालता येईल का, ते डॉक्टर सांगेनात. आईनं तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर बसून, आमच्या मुखेडकडच्या गावातल्या पिराला बोकड बोलला. आमच्याकडे हे नवं नाही. हिंदू घरांतूनही पिराला नवस बोलतात, फिटला की दर्ग्यापाशी बोकड कापून गावाला जेवू घालतात. त्याला कंदुरी म्हणतात; मटण न खाणाऱ्यांना मलिदा, म्हणजे गूळ घालून कुस्करलेली चपाती, वाढतात. आई स्वतः माळकरी. तिच्या चुलीवर अंडंसुद्धा शिजलेलं नाही. कुणी टोकलं की म्हणायची, "मी कुठं खायलेय? त्याला जे पायजे ते त्याला, मला जे पायजे ते मला."

मला गावी आणलं त्याच आठवड्यात आईनं एक काळं पिल्लू घेतलं. ओळख राहावी म्हणून मुलाणीचाचांकडून त्याचा डावा कान जरासा कातरून घेतला. दर्ग्यावर बोकड कापायचं काम चाचांच्याच घराण्याचं.

पिल्लू माझ्या बाजेच्या पायाला बांधलेलं असायचं. मी पडून, ते उभं. बायको आणि लेकरं नांदेडला, आई शेतात, त्यामुळं दिवसभर आम्ही दोघंच. मी कुबड्या घेऊन अंगणात उतरलो की ते पुढं चालायचं, दोरी ताणली की थांबायचं आणि मागं बघायचं. बाभळीच्या शेंगा माझ्या खिशातून ओढून खायचं. खरं सांगायचं तर मला चालायला त्यानं शिकवलं. आणि मी जितका चांगला चालेन, तितका त्याचा दिवस जवळ येत होता. शेवटी शेवटी तर मी आईसमोर मुद्दाम लंगडायचो.

पण नोकरीवर कधीतरी जावंच लागणार होतं. कंदुरीचा गुरुवार ठरला. बोकड घेऊन मी आदल्या दिवशी पुढं होतो, रात्री दर्ग्याजवळच्या मित्राच्या गोठ्यात बांधतो, असं आईला सांगितलं आणि टेंपोतून मुखेडचा बाजार गाठला. तिथं शेळ्या राखणारी एक धनगरीण ओळखीची होती. तिला म्हटलं, "मावशी, ह्याला ठेवता का? पैसे नकोत. फक्त विकायचा नाही आणि कापायचा नाही."

तिनं माझ्याकडं, मग बोकडाकडं बघितलं. "तुमचं डोस्कं फिरलंय का साहेब?" म्हणाली. मग हसली. "ऱ्हाऊ द्या. माझ्या शेळ्यास्नी बोकड लागतोच."

तिनं शब्द पाळला. तो तिच्याकडे नऊ वर्षं जगला आणि म्हातारा होऊन मेला. मी अधूनमधून जाऊन बघून यायचो. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

पण त्याच दिवशी त्याच बाजारात मी एका व्यापाऱ्याकडून दुसरा काळा बोकड घेतला. तशाच उंचीचा, तशाच शिंगांचा. त्या रात्री त्या मित्राच्या गोठ्यात बांधला तर तो माझाच हात चाटत होता. एकाला ओळखत होतो म्हणून तो वाचला. ह्याला ओळखत नव्हतो, एवढाच ह्याचा गुन्हा.

कान कातरायचा धीर झाला नाही. शिवाय ताजी जखम दिसली असती. वाटलं, शिंगांना झेंडूचा हार असेल, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कोण बघतंय!

मुलाणीचाचांनी बघितलं. बोकडाला पाणी पाजलं, डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचा हात डाव्या कानावर थांबला. अख्खा कान. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात आई कुंकवाची कोयरी घेऊन चाचपडत आली. आता ती हातानं कान धुंडाळणार, हे मला कळलं.

चाचांनी तो कान मुठीत घट्ट धरला. "आक्का," ते म्हणाले, "आता हात लावू नका. धुऊन झालंय, पाक झालंय. कुंकू लांबूनच वाहा."

आईनं लांबूनच वाहिलं. चाचा बिसमिल्ला म्हणाले. कापून होईस्तोवर त्यांनी मूठ सोडली नाही.

ज्याच्यासाठी नवस, पहिला घास त्याचा. मी खाल्ला. घास चवदार होता, हेही लिहायला हवं. त्यानंतर मी मटण खाल्लेलं नाही. पंगत उठल्यावर मी चाचांजवळ गेलो, "चाचा, तो..." एवढंच बोललो. ते सुरी धूत होते. "आज कायबी बोलू नको," म्हणाले. "लोकं जेवून ऱ्हायलेत. तुझ्या आईला मलिदा गोड लागून ऱ्हायलाय." पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मी मातीला गेलो होतो, तेव्हाही आभार मानायचे राहूनच गेले.

पुढं मी माळ घातली. आई गावभर सांगायची, "पिरानं पाय दिला आन् इठ्ठलानं बुद्धी दिली." लोक मला मानानं बोलतात, लग्नाकार्यात माझं ताट वेगळं वाढतात. मी गप्प बसून तो मान घेत आलो.

मागच्या महिन्यात पाय दुखायला लागला. जुना रॉड आणि वय, असं डॉक्टर म्हणाले. पण गावी गेलो तेव्हा आईनं मला लंगडताना पाहिलं (मोतीबिंदू काढल्यापासून तिला लख्ख दिसतं) आणि दोन आठवड्यांनी फोन करून बोलावून घेतलं. गेलो तर ती ओसरीवर बसलेली. गळा मोकळा. जिथं माळ असायची तिथं कातडीवर पांढरी रेघ.

"माळ कुठंय?"

"देवापाशी ठिवली. गुरुवारी कंदुरी हाय. मुलाण्याच्या लेकाला सांगून आले." मग हळूच म्हणाली, "माझंच चुकलं बाबा. म्या त्या दिवशी मलिदाच खाल्ला, कंदुरीचा घास घेतला न्हाई. पीर रुसला. आवंदा मी खाणार."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. सोळाव्या वर्षी घातलेली माळ माझ्या खोटेपणापायी उतरवून बसलेली. आता गप्प राहिलो असतो तर तो घासही तिला मीच भरवला असता. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. बाजार, धनगरीण, कान, मूठ. मान वर केली नाही.

तिनं गळ्यावरच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी पीर रुसला न्हाई."

"नाही."

"माझं चुकलं न्हाई."

"नाही, आई. माझं चुकलं."

तिनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारची कोंबडी दचकून उठली. "मग मला खायचं न्हाई!" म्हणाली आणि रडता रडता हसली. पण लगेच कपाळाला आठ्या. "आन् माझा त्यो? त्याचं काय झालं?"

"नऊ वर्षं जगला. मुखेडलाच."

"नऊ वर्सं!" तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसाच. "मुखेड काय लांब हाय? एकदा तरी न्यायचं हुतं मला. पिल्लू हुतं तवापास्नं म्या त्याला भाकर चारली हुती रे!"



गुरुवार रद्द झाला. देवापाशी ठेवलेली माळ मी आणली. तिच्या बोटांना गाठ जमेना, म्हणून मी बांधली. "नवस मातर फिटलेला न्हाई," ती म्हणाली. "फिटला नसून इतकी वर्सं त्यानं तुला चालवलं. केवढा दमाचा बघ! पर तुझ्याकडं बाकी हाय, ध्येनात ठिव."

ध्यानात आहे. आईच्या लेखी मी पिराला एक बोकड देणं लागतो, आणि तो माझ्याकडून दिला जाणार नाही, हे मी तिला त्याच दिवशी सांगून आलो. बाजारातून आणलेल्या त्या दुसऱ्या बोकडाला मी त्याचा जीव देणं लागतो.