डावा कोपरा सोडून गेलो तेव्हा

मी गेलो त्या संध्याकाळी स्टेशनवर दोघंच आले होते, माय आणि सिद्धार्थ. मायनं फडक्यात भाकरी-ठेचा बांधून आणला होता. फलाटावरच्या गर्दीकडं ती अशी बघत होती, जशी ही सगळी माणसं विनाकारण घरातून निघाली आहेत. माझी किटबॅग सिद्धार्थच्या खांद्यावर होती. कॉलेजच्या कबड्डी संघात तो उजवा कोपरा, मी डावा. गडी आत आला की आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी त्याचे पाय धरायचो. त्या संध्याकाळनंतर आमच्या संघाचा डावा कोपरा मोकळा राहणार होता.

आबा आले नव्हते. ते मेंढरांपाशी होते, पैठणच्या खालच्या अंगाला, जिथं नदीकाठी थोडं हिरवं उरलं होतं. पण न येण्याचं कारण मेंढरं नव्हती.

गाडी हलली तशी माय म्हणाली, "जाय आता. मागं बघू नको, मान लचकंल."

बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून मी हैदराबादला, एका व्यावसायिक संघाच्या शिबिराला निघालो होतो.

हे मी दोन तऱ्हेच्या माणसांसाठी लिहितोय. एक, आमच्या गावात, पाचोडच्या चहाच्या टपरीवर बसून जी अजून म्हणतात की पोरानं घाई केली. दुसरी, जी माझ्यासारखीच निघून गेली आणि आता फ्लॅटच्या एसीत बसून गावाच्या ग्रुपवर मातीच्या वासाच्या कविता टाकतात. दोन्ही मंडळींबद्दल मला फारसं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ती कोरडी वर्षं होती. आमचं कॉलेज ज्या शहरात होतं, त्याचं नाव तेव्हा वेगळं होतं, बाकी सगळं हेच. गारखेड्यात आम्ही चार पोरं एका खोलीत राहायचो. नळाला पाणी आठवडा आठवडा यायचं नाही. टँकर आला की गल्लीतल्या बाया आणि आम्ही कॅन घेऊन सारखेच पळायचो. सकाळी सरावाला जायचो तर मैदान फुफाट्यानं भरलेलं असायचं. एक पकड झाली की दहा मिनिटं डोळे चोळायचे. मग एक दिवस कुणी पाहुणे येणार म्हणून कॉलेजनं त्याच मैदानावर अख्खा टँकर ओतला. पाहुण्यांच्या बुटाला धूळ लागू नये म्हणून. पाहुणे आले, कोपऱ्यावर पाय देऊन फोटो काढला आणि गेले. हॉस्टेलची पोरं त्या दिवशी बिनाअंघोळीची टाळ्या वाजवत होती. तिकडं बीड बायपासला, रिकाम्या माळावर नव्या इमारती उठत होत्या. त्यांच्या पाट्यांवर कारंजी काढलेली असायची.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात हैदराबादच्या त्या व्यावसायिक संघाचा माणूस आला. गॉगल, पांढरे बूट, गळ्यात कार्ड. दोन दिवस सामने बघून त्यानं मला आणि सिद्धार्थला बाजूला घेतलं. गुडघे दाबून बघितले, मांडी बघितली, दात तेवढे बघायचे ठेवले. पाचोडच्या बाजारात आबा बकरं घेताना याहून जास्त अदबीनं हात लावायचे. मग तो हिंदीत म्हणाला, दोघेही चालाल, पण लगेच या, पदवीपर्यंत कुणी थांबत नसतं.

आम्ही ठरवायच्या आधी ती गोष्ट क्रीडा संचालकांच्या कानावर गेली. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सरांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा चषक पाहिजे होता, कारण त्यांना प्राचार्य व्हायचं होतं. ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी आबांना निरोप धाडला.

आबा मेंढरं शेजारी तळ टाकलेल्या मेंढपाळांच्या वाड्याच्या हवाली करून, एसटीनं, धुतलेलं धोतर नेसून आले. सरांनी त्यांना केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं. सकाळचे बसलेले आबा दुपारपर्यंत तिथंच होते. आत सर चहा पीत होते, दार उघडलं की दिसायचं. मी दोनदा म्हणालो, "आबा, चला." ते म्हणाले, "साहेब कामात हायेत."

मग बोलावलं. आबा उभेच राहिले. सर म्हणाले, "तुमचा मुलगा कॉलेजला धोका देतोय. आम्ही याला अन्न दिलं, बूट दिले. हा उद्या पाय मोडून परत येईल, तेव्हा आमच्या दारात आणू नका."

आबांनी हात जोडले. "चुकलं असंल त्याचं साहेब. लहान हाय."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "राहा इथंच. मव्हं सगळं आयुष्य चालण्यात गेलं. तू तरी एका जागी बस."

 पण आत ते जोडलेले हात बघितले, त्या क्षणीच माझं ठरलं होतं. लोक मला मुलाखतीत विचारायचे, खेळाचं स्वप्न कधी पडलं? कसलं स्वप्न. त्या माणसाला एकही चषक माझ्या हातानं मिळू द्यायचा नव्हता, एवढंच. आबांना मी तसं सांगितलं नाही. सांगितलं, जातोय. ते उठून स्टँडकडं चालायला लागले आणि मी जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सिद्धार्थ नाही म्हणाला. फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारा पोरगा, त्याच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली त्याच्या बहिणीची पदवी लावलेली आणि शेजारी एक खिळा आधीच ठोकून ठेवलेला. मी म्हणालो, सरांना घाबरतो व्हय? तो हसला.

"सरांचा काय संबंध? मला खेळून झाल्यावर बी जगायचंय. पदवी घेतो, मग बघतो."

"मग कुणी विचारणार नाय तुला."

"नाय तर नाय."

त्याचा निर्णय होता, माझा राग होता. दोन्हीवर माणूस चालतो.

हैदराबादची बोली मला शिकावी लागली नाही. आमच्या शहरात निम्मा बाजार तसंच बोलतो. फक्त इथं 'नक्को' जरा जास्त लांबवतात. बाकी सगळं नवीन होतं. सकाळी प्रोटीन शेक, दुपारी आइस बाथ. गावाकडं माणसं टँकरमागं पळत होती आणि मी बर्फाच्या टबात बसून थरथरत होतो, कारण फिजिओनं सांगितलं होतं. दरवर्षी आमचा लिलाव व्हायचा. हा शब्द पोरं अभिमानानं वापरायची, "भाई, अपना ऑक्शन है." मालक लोक सामन्याला यायचे, सोबत सिनेमातली माणसं आणायचे. त्यांना पकड आणि चढाईतला फरक माहीत नव्हता, पण कॅमेरा कुठं आहे ते बरोबर माहीत होतं. एका मालकानं तर जिंकल्यावर मला मिठी मारली आणि दुसऱ्याच खेळाडूचं नाव घेतलं. मी थँक यू सर म्हणालो.

पहिल्या हंगामात बाकावर बसलो. दुसऱ्यात चांगलं खेळलो, टीव्हीवर दिसलो. तिसऱ्यात एका पकडीत उजवा गुडघा गेला. सरांनी सांगितल्यासारखंच झालं म्हणून पाचोडात किती जणांना बरं वाटलं, त्यांची नावं मला कळली आहेत. संघानं एक व्हिडिओ काढला, माझ्या पकडींचा, खाली दुःखी संगीत लावून, आणि मला मोकळं केलं. मी परत गेलो नाही. इथं हैदराबादलाच एका क्लबात शिकवायला लागलो. कंपन्यांमधली माणसं टीम स्पिरिट वाढवायला कबड्डी खेळायला येतात, नखाला लागलं की डॉक्टर मागतात. पण माझं घर त्यावर चालतं, आणि शिकवण्यात मी वाईट नाही.

सिद्धार्थला पुढच्या वर्षी कर्णधार केलं. संघ पहिल्या फेरीतच हरला. सरांनी सगळ्यांसमोर त्याला माझा मित्र म्हणून शिव्या घातल्या. त्यानं पदवी घेतली, पुढचं शिक्षण घेतलं आणि फुलंब्रीच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाला. त्याला परत कुणी विचारलं नाही. त्याचं त्याला काही वाटतं का, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

मागच्या वर्षी कॉलेजनं माझा सत्कार ठेवला. गेटवर माझं फ्लेक्स, माझ्याहून मोठा सरांचा फोटो. सर आता प्राचार्य आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून माइकवर सांगितलं, "याला त्या काळी मीच धाडस करून पाठवलं." आता ते पोरापोरींना पदवीआधीच संघांकडं पाठवतात, संघांची माणसं त्यांच्याच केबिनमध्ये चहा पितात.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "मला सरांनी पाठवलं नाही. सरांनी माझ्या बापाला अर्धा दिवस बाहेर बसवलं आणि माझ्यावतीनं माफी मागायला लावली. त्याचा राग येऊन मी गेलो."

 मग पहिल्यांदा टाळ्या कुणी वाजवल्या असतील? सरांनी. "किती मनमोकळा आहे बघा आपला विद्यार्थी," म्हणाले आणि शाल घातली. अशा माणसाला शिवी सुद्धा लागत नाही.

खाली सिद्धार्थची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. चढाईपटू, दुसरं वर्ष. सर तिच्या मागं लागले होते की संघाच्या करारावर लगेच सही कर. तिनं मला विचारलं, "जाऊ का थांबू, सर?"

"तुला काय वाटतं?"

"परीक्षा देऊन जावं वाटतं."

"मग परीक्षा देऊन जा."

"तवर त्यांनी दुसरी घेतली तर?"

"तर घेतली."

तिला ते उत्तर आवडलं नाही. सिद्धार्थ बाजूला वाकून बुटाची नाडी बांधत होता. तिनं काय केलं ते तिचं तिला माहीत. मी मुद्दाम विचारलेलं नाही. विचारणारे तिच्याभोवती पुष्कळ आहेत.

गावाकडं आमच्या वस्तीशेजारच्या चराऊ माळावर आता प्लॉटिंग पडलंय. कमान आहे, कमानीवर इंग्रजी नाव आहे, आत खुंट्या. मेंढरांना जायला वाट राहिली नाही, तेव्हा आबांनी ती विकली. घरात बसून महिनाभरात वाळले. मी न्यायला गेलो तर वाद न घालता पिशवी घेऊन उभे राहिले. आता आबा आणि माय दोघं माझ्याकडं असतात. आबा सकाळी निघतात आणि कुठल्या तरी तळ्याच्या कडेनं फिरून, कुठं म्हशी आहेत, कुठं गवत आहे ते बघून येतात. मी फोन घेऊन दिलाय, तो ते घरी ठेवून जातात.

तुम्ही सगळे विचारता, आता घर कुठलं वाटतं? परवा माय बाल्कनीत उभी होती. खाली सोसायटीच्या बागेभोवती माणसं हातात बाटल्या घेऊन गोल गोल फिरत होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्यांला कुठं जायचंय रं?"

"कुठंच नाय."

"मग चालतेत कामून?"

मी म्हणालो, डॉक्टरनं सांगितलंय. तिनं नाक मुरडलं, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, "चल, जेवाय बस."

मी हात धुतले आणि बसलो.